बिट्टू, धनेश आणि ८३ एक्स

देशपांडे काकू सी-५०३: मंगळवारी कॅमेऱ्याबद्दल विचारलं होतं. त्याखाली ढीगभर सुप्रभात आले, उत्तर एकही नाही. परत विचारते. आमच्या कुत्र्याचे, बिट्टूचे, जवळून फोटो काढायचेत आणि मागच्या उंबरावर धनेश पक्ष्यांची जोडी येते, तीही हवी. मोबाईलवर धनेश म्हणजे फांदीत अडकलेलं वर्तमानपत्र दिसतं. लेकाने ६० हजार दिलेत. कोणता घेऊ?

साठे काका ए-२०१: निकॉन पी९५०. ८३ एक्स झूम. विषय संपला.

निखिल ए-७०३: काकू, आजकाल चांगला मोबाईलच पुरतो

देशपांडे काकू सी-५०३: आत्ताचा तूच निवडून दिलायस बाळा.

निखिल ए-७०३: 🙈

शिंदे बी-५०२: फोटो सावकाश काढा. सोमवारी लिफ्टमध्ये जे झालं ते पुसायचं कोणी?

देशपांडे काकू सी-५०३: तो बिट्टू नव्हता. मागच्या वेळीही तुम्ही त्याचंच नाव घेतलं होतं, शेवटी मांजर निघालं.

शिंदे बी-५०२: मांजर लिफ्टचं बटण दाबत नाही ताई.

निखिल ए-७०३: बिट्टूचा क्लोजअप लिफ्टच्या सीसीटीव्हीत असेल, फुकटात 😂

सचिव: सर्व सभासदांना नम्र विनंती, विषयाला धरून बोलावे. सीसीटीव्हीचा विषय सभेत झालेला आहे.

शिंदे बी-५०२: झालेला नाही, गुंडाळलेला आहे.

मृणाल सी-६०४: काकू, सॉरी, ऑफिसात होते. एक्सच्या आकड्याला भुलू नका. लेन्सचं लांबचं टोक (जिथे सगळ्यात मोठं दिसतं) भागिले जवळचं टोक, एवढाच त्याचा अर्थ. पी९५० ची लेन्स २४ ते २००० एमएम, म्हणून ८३. पॅनासॉनिकचा एफझेड३०० फक्त २४ एक्स, २५ ते ६००, पण तो शेवटपर्यंत एफ २.८ राहतो. एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त. पी९५० पूर्ण ताणला की एफ ६.५ होतो. सेन्सरवर पाचवा हिस्साही उजेड पडत नाही.

साठे काका ए-२०१: माझ्या पी९०० वर चंद्राचे खड्डे मोजता येतात. फोटो टाकतो.

साठे काका ए-२०१: 📷

साठे काका ए-२०१: हातात धरून काढलाय. ८३ एक्स.

मृणाल सी-६०४: काका, चंद्र झकासच आलाय. पण चंद्रावर भर ऊन असतं आणि तो शेपूट हलवत नाही. बिट्टू काळा लॅब्राडोर, घरात ट्यूबलाईट. तो उड्या मारत असताना शटर सेकंदाच्या १/५०० इतकं वेगवान तरी हवं, नाहीतर तोंडाच्या जागी गुलाबी पट्टा येतो. आणि काकू, फ्लॅश नको. कुत्र्याच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा पडदा असतो, फोटोत हिरवे दिवे लागतात. खिडकीजवळ बसवा. काळं अंग चौकटभर आलं की कॅमेरा ते राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं उणे करायचं.

पाटील मॅडम बी-३०४: एक शंका. उंबर आमच्या बेडरूमसमोर आहे. एवढ्या लांबच्या कॅमेऱ्यातून आमच्या घरातलं दिसणार का?

देशपांडे काकू सी-५०३: तुमच्या त्या जांभळ्या पडद्यांचे फोटो काढून मी काय करू?

पाटील मॅडम बी-३०४: म्हणजे दिसतंय.

सचिव: गॅलरीतून इतरांच्या घरांकडे कॅमेरा रोखू नये ही विनंती 🙏

साठे काका ए-२०१: मुद्दा राहतोय. पी९५०. माझ्यात रॉ (फोटोची कच्ची फाईल) नाही, त्याच्यात आहे. ८३ एक्स तोच.

मृणाल सी-६०४: काका, साधा हिशेब बघा. उंबर गॅलरीपासून तीसेक मीटर. ६०० एमएमला तिथे पावणेदोन-दोन मीटर रुंदी चौकटीत मावते. धनेश दोन फुटांचा, म्हणजे तिसरा हिस्सा भरतो, भोवती फांदी-फळं येतात. २००० एमएमला जेमतेम ५४ सेंटीमीटर मावतं. चोच आत घेतली की शेपूट बाहेर! भिगवणला रोहित पक्षी लांब पाण्यात असतात, तिथे तुमचाच कॅमेरा जिंकतो, मीच तुमच्याकडे मागायला येईन. तरी सकाळी लवकर. दुपारी तापलेली हवा थरथरते, मग कितीही एक्स असू दे.

साठे काका ए-२०१: म्हणजे ८३ एक्स. मान्य केलंस.

शिंदे बी-५०२: लिफ्ट अजून तशीच आहे.

देशपांडे काकू सी-५०३: मृणाल, तू काय घेतलं असतंस ते सांग. मला गणित नको.

मृणाल सी-६०४: कॅनन आर५० आणि आरएफ १००-४०० लेन्स. त्या बॉडीवर (म्हणजे कॅमेऱ्यावर) ती ६४० एमएमसारखी चालते, वजन ६३५ ग्रॅम, आणि मीटरभरावरून बिट्टूचं नाकसुद्धा भरून येतं. बॉडी कुत्र्याचा, पक्ष्याचा डोळा स्वतः पकडते, तुम्ही फक्त बटण दाबायचं. खोट एकच, लांब टोकाला एफ ८, म्हणजे घरात उपयोग नाही. घरासाठी ५० एमएम एफ १.८ वेगळी लागेल. हे सगळं नवंकोरं ६० हजारांत बसणार नाही, एखादी लेन्स जुनी घ्यावी लागेल. घेताना काचेतून टॉर्च मारून बुरशी बघायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला कोळ्याच्या जाळ्यासारखी धरते.

निखिल ए-७०३: काकू, मोबाईलला क्लिपवाली लेन्स मिळते, अगदी स्वस्तात

देशपांडे काकू सी-५०३: निखिल, जेव.

मृणाल सी-६०४: विकत घेण्याआधी हातात धरून बघा. रविवारी सकाळी गच्चीत या, काकांचा आणि माझा दोन्ही आणू. फार लांबवू नका मात्र. उन्हाळ्यात मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते, मग नुसता नर फळं घेऊन ये-जा करताना दिसतो. जोडी हवी तर आत्ताच.

साठे काका ए-२०१: मी ट्रायपॉडही आणतो. दूध का दूध होऊन जाऊ दे.

पाटील मॅडम बी-३०४: गच्चीतून तर आमची खिडकी थेटच दिसते.

सचिव: ३१ डिसेंबरच्या प्रकारानंतर गच्चीसाठी लेखी अर्ज लागतो. किल्ली सध्या शिंदे साहेबांकडे.

शिंदे बी-५०२: हो, माझ्याकडे आहे. लिफ्ट पुसली की देतो.

देशपांडे काकू सी-५०३: पुसते. पण तो बिट्टू नव्हता.