बोस्टनचा जुना किनारा पायी पाहायचा असेल तर कोणत्या वाटेने जावे?

पायवाट (प्रश्न)

पुढच्या महिन्यात बोस्टनमध्ये आम्हाला एकच मोकळा दिवस मिळणार आहे. सोबत वडील असतील. सपाट रस्त्यावर ते सहा-सात किलोमीटर सहज चालतात, मात्र जिने चढणे त्यांना जमत नाही. लाल विटांच्या रेषेने दाखवलेला सुमारे ४ किलोमीटरचा, ऐतिहासिक स्थळे जोडणारा फ्रीडम ट्रेल सर्वांच्या परिचयाचा आहे, पण मला रस आहे तो बंदरात: धक्के, गोद्या, जहाजबांधणी, मालाची चढउतार. नकाशावर पाहता लाल रेषा बहुतेक शहराच्या आतूनच जाते, आणि पाण्याच्या काठाने जाणाऱ्या हार्बरवॉकवर हॉटेले व नव्या इमारतीच अधिक दिसतात. मग जुने बंदर पाहायचे तरी कोठे? दोन्ही वाटांचा मेळ एका दिवसात घालता येईल का?

जुना नकाशा

आपली अडचण रास्त आहे. ज्या काठावर जुने बोस्टन वसले, तो काठ आता काठ राहिलेलाच नाही. मूळ शहर एका लहानशा द्वीपकल्पावर होते आणि पुढच्या दोन-अडीच शतकांत खाड्या, दलदली व धक्क्यांमधील पाणी भराव घालून बुजवले गेले. त्यामुळे पाण्याच्या कडेने कितीही चाललात, तरी सतराव्या-अठराव्या शतकातील किनारा आपल्या पाठीमागेच राहतो.

म्हणून माझी सूचना अशी की सुरुवात पाण्यापाशी न करता फॅन्युल हॉल या जुन्या बाजार-सभागृहापासून करावी. इमारतीच्या पश्चिमेकडील आवारात, स्वातंत्र्यलढ्यातील नेते सॅम्युएल ॲडम्स यांच्या पुतळ्याजवळ, फरशीवर १६३० सालची किनारारेषा कोरलेली आहे. रेषेच्या आजूबाजूच्या दगडात समुद्रशेवाळ, शिंपले, मासे अशी चित्रे आहेत. बहुतेक लोक त्यांवर पाय ठेवून पुतळ्याचे छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. आपण मात्र तेथे दोन मिनिटे उभे राहा आणि समोरचा १७४२ सालचा फॅन्युल हॉल व त्यामागची १८२६ सालची क्विन्सी मार्केटची लांबलचक इमारत पाहा, कारण ही सारी जागा एके काळी पाण्याखाली होती.

तेथून स्टेट स्ट्रीटने पूर्वेकडे चालू लागलात की जुने जकातघर लागते. १८४७ साली ते पूर्ण झाले तेव्हा अगदी धक्क्याला लागून होते आणि नांगरलेल्या जहाजांच्या नाळेवरील पुढे आलेले दांडे इमारतीच्या जवळपास टेकत असत. १९१५ साली त्यावर उंच मनोरा चढवण्यात आला आणि त्याच्या पायथ्याशी आज मोटारी वळतात. आणखी काही मिनिटांत आपण लाँग व्हार्फवर पोहोचता. १७१० साली बांधायला घेतलेला हा धक्का मूळ किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर समुद्रात गेलेला होता; खोल पाण्यातील जहाज थेट त्याला लागावे आणि माल होडीत उतरवण्याचा खटाटोप वाचावा, हा त्यामागचा हेतू. त्याचा शहराकडील मोठा भाग पुढे भरावात गडप झाला. म्हणजे आज ज्याला आपण स्टेट स्ट्रीटचे खालचे टोक म्हणतो, तो खरे पाहता धक्काच आहे.

एवढे अंतर एक किलोमीटरही भरत नाही, पण माझ्या मते साऱ्या वाटेतील सर्वांत मोलाचा तुकडा हाच.

ओहोटीची वेळ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु हार्बरवॉककडे केवळ हॉटेलांची रांग म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. सुमारे ६९ किलोमीटरची ही वाट १९८० च्या दशकात आकाराला येऊ लागली आणि तिचे बरेच तुकडे खासगी मालकांनी बांधलेले व राखलेले आहेत. त्यांनी हे हौसेने केलेले नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरील लोकांचा हक्क सतराव्या शतकातील वसाहतकालीन अध्यादेशापासून मान्य आहे आणि १८६६ पासूनच्या कायद्यानुसार, ज्याला तेथे 'चॅप्टर ९१' म्हणतात, भरावाच्या अशा जमिनीवर बांधकाम करायचे तर परवाना घ्यावा लागतो आणि त्याच्या अटींमध्ये लोकांना काठापर्यंत वाट देणे येते. 'रोज व्हार्फ' नावाच्या धक्क्यावरील इमारतीच्या भव्य कमानीखाली गणवेशातील दरवान दिसला की पर्यटक बिचकून मागे फिरतात. तेथून खुशाल आत जावे, वाट सर्वांची आहे.

आता भरती-ओहोटीविषयी. बोस्टनमध्ये दोहोंतील फरक सुमारे तीन मीटर असतो, तेव्हा निघण्याआधी त्या दिवसाचे कोष्टक पाहून ठेवा. धक्क्यांखालचे खांब आणि दगडी भिंतींवरील शेवाळाची हिरवी-काळी रेघ ओहोटीलाच नीट दिसते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री, 'बोस्टन टी पार्टी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश करविरोधी निदर्शनात, चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात टाकल्या गेल्या तेव्हाही ओहोटीच होती. पाणी इतके उथळ होते की चहाचे ढीग वर दिसू लागले आणि ते हातांनी बाजूला ढकलावे लागले. ज्या ग्रिफिन्स व्हार्फवर हे घडले त्याची जागाही भरावाखाली गेली असून, चहाचे आजचे संग्रहालय तेथून थोडे दूर, फोर्ट पॉइंट चॅनलच्या पाण्यावर आहे. संग्रहालय छान असेल, पण तीच मूळ जागा समजून भारावून जाऊ नये.

उलट बाजूही सांगतो. मोठ्या उधाणाच्या दिवशी भरतीला लाँग व्हार्फच्या फरशीवर पाणी चढते. एकदा मी कोष्टक न पाहता गेलो आणि उरलेला दिवस ओल्या बुटांत काढला.

डोलकाठी

जहाजबांधणीचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून नदीपलीकडचे चार्ल्सटाउन चुकवू नका. लाँग व्हार्फहून नौदलाच्या जुन्या गोदीवाड्याकडे फेरीबोट जाते. ती घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण वडिलांचे चालणे वाचेल आणि शहर समुद्राकडून पाहता येईल, जसे ते जहाजावरच्या माणसाला दिसत असे.

हा गोदीवाडा १८०० ते १९७४ पर्यंत चालू होता. तेथे उभी असलेली 'कॉन्स्टिट्यूशन' ही युद्धनौका २१ ऑक्टोबर १७९७ रोजी बोस्टनच्याच नॉर्थ एंड भागात पाण्यात उतरली होती. ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात शत्रूचे तोफगोळे तिच्या ओकच्या जाड बाजूंवर आदळून परतले, तेव्हापासून तिला 'ओल्ड आयर्नसाइड्स' म्हणू लागले. तिच्या डेकवर उभे राहून पाण्यापलीकडे पाहिले तर ती जेथे बांधली गेली तो काठ समोरच दिसतो. जवळच १८३३ साली सुरू झालेली दगडी सुकी गोदी आहे. तिच्यात घेतले गेलेले पहिले जहाज 'कॉन्स्टिट्यूशन'च. गोदीच्या कठड्यापाशी उभे राहून खाली पाहा: ग्रॅनाइटचे थर पायऱ्यांसारखे आत उतरत गेलेले आहेत, कारण पाणी उपसल्यावर जहाजाला दोन्ही बाजूंनी टेकू द्यायला आणि कारागिरांना उभे राहायला तीच जागा असे. दोरखंड वळण्याची सुमारे चारशे मीटर लांबीची इमारतही तेथेच आहे. दोर जेवढा लांब हवा तेवढी सरळ जागा लागे, हे त्या इमारतीच्या शेवटापर्यंत चालताना पायांना कळते.

जहाजावर जाण्यास शुल्क नाही, परंतु मोठ्यांना छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, आणि वेळा ऋतूनुसार बदलत असल्याने त्या आधी पाहून घ्याव्यात. वरच्या डेकपर्यंत जाणे फारसे कठीण नाही, मात्र खालच्या मजल्यांकडे जाणारे जिने उभे आहेत. वडिलांनी वरच थांबावे.

पायवाट

तिघांचेही मनःपूर्वक आभार. त्या दिवशीची ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास आहे, तेव्हा आठ वाजता फॅन्युल हॉलच्या कोरलेल्या रेषेपासून निघून जकातघरावरून लाँग व्हार्फवर जाऊ, 'रोज व्हार्फ'च्या कमानीपर्यंत काठाने फेरफटका मारून परत येऊ आणि मग फेरीबोटीने चार्ल्सटाउन गाठू. लाल रेषेच्या अखेरीस असलेल्या बंकर हिलच्या स्तंभाला २९४ पायऱ्या आहेत असे वाचले. तेव्हा तो वगळून त्या वेळात मी दोरखंडाची इमारत टोकापर्यंत चालून येईन आणि वडील सुक्या गोदीपाशी बसतील.

डोलकाठी

उत्तम. फक्त गोदीपाशी वारा फार असतो, तेव्हा वडिलांसाठी कानटोपी घ्या.