ससा आजारी, निदान नाही: घरी काय काय करता येतं?

मोगरा
गच्चीवर हरळी खुडताना आज सशाच्या वजनाची जुनी वही आठवली, म्हणून विचारतेय. एक्स-रे स्वच्छ, रक्त ठीक, डॉक्टर म्हणतात 'नक्की कळत नाहीये', आणि ससा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. अशा वेळी कोण काय करतं, लिहा. कारण सापडेपर्यंत पोट चालू ठेवणं तेवढं आपल्या हातात. सशाला उलटी होत नाही. आतडं थांबलं की गॅस, गॅसने दुखणं, दुखण्याने खाणं आणखी बंद. १२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

चकलीताई
कुकरच्या शिट्ट्या होईतो लिहिते. क्रिटिकल केअर (आजारी सशाला भरवायची तयार पावडर) मिळालं तर १ भाग पावडर, २ भाग कोमट पाणी. नाहीतर रोजचे गवताचे पेलेट भिजवून, वाटून, गाळून. दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली, ४-५ वेळा विभागून. सिरिंज समोरून खुपसायची नाही. पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते, तिथून बाजूने आत. एका वेळी अर्धा ते एक मिली, जबडा हलताना दिसला की पुढचा घास. टॉवेलात गुंडाळा, चारही पाय खाली टेकलेले हवेत. उताणा धरलात तर फुफ्फुसात जातं. हनुवटी लगेच पुसा, वाळलेल्या लगद्याखाली कातडी सोलवटते.

राजापूरकर
ताई, एक राहिलं. पोट टम्म आणि कडक लागत असेल तर काहीच भरवू नका. केसांचा गोळा अडकलेला असू शकतो, आधी एक्स-रे. रक्तातली साखरही बघायला सांगा, कानाच्या शिरेतला थेंब पुरतो. ३६० च्या वर असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. आतडं हलवणारी औषधं त्यानंतरच.

निशा_के
+१. आणि ताप बघा! नॉर्मल ३८.५ ते ४० सेल्सिअस. ३८ च्या खाली गेला तर आधी ऊब, मग खाणं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, नको वाटलं तर त्याला सरकता आलं पाहिजे. थंड पडलेल्या सशाला भरवलेलं पुढे सरकतच नाही.

आबा_सातारा
घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलं की आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात, जुलाब लागून ससा जातो. कुत्र्यामांजरांचं फिप्रोनिलवालं पिसवांचं औषधही विषारी. डॉक्टर नवखे असतील तर हे आपण बोलून दाखवावं, संकोच कसला. ग्राइप वॉटर पण नको बरं का, बाळ नाहीये ते.

मोगरा
आबा 😄 मांडीवर घेऊन फिरवणारे आहेत की!

टिल्लू
मान तिरकी होऊन गोल गोल लोळतोय, त्याचं काय? कानात काही दिसत नाही म्हणाले.

राजापूरकर
बाहेरचा कान स्वच्छ असला तरी आतल्या कानात पू असू शकतो, तो सीटी स्कॅनमध्येच नीट दिसतो. दुसरा संशय एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली, म्हणजे मेंदूवर परिणाम करणारा सूक्ष्म परजीवी. त्याची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तरी 'कधीतरी संसर्ग झाला होता' इतकंच कळतं, धडधाकट सशांचीही येते. म्हणून बहुतेकदा निदान पक्कं नसतानाच फेनबेन्डाझोल हे परजीवीविरोधी औषध सुरू करतात, किलोला २० मिग्रॅ रोज, २८ दिवस. मध्ये रक्तपेशी तपासून घ्या, क्वचित अस्थिमज्जेवर परिणाम होतो. मान सरळ व्हायला आठवडे लागतात. खात असेल तर हाय खाऊ नका.

चकलीताई
टिल्लू, खोक्याच्या चारही बाजूंना टॉवेलच्या घट्ट वळकट्या लाव, लोळला तरी आपटत नाही. खालच्या बाजूचा डोळा कधीकधी नीट मिटत नाही, तसं असेल तर त्यात मलम हवंच. पाणी बाटलीऐवजी जड वाटीत. जोडीदार असेल तर शेजारीच ठेव.

निशा_के
पावसाळ्यात बूड ओलं राहिलं की माश्या अंडी घालतात, २४ तासांत अळ्या. दिवसातून दोनदा शेपटीखाली बघाच. लघवी लालसर दिसली म्हणून घाबरू नका, पाल्यातल्या रंगानेही होते. रक्त आहे का ते डॉक्टर पट्टीवर लगेच सांगतात.

आबा_सातारा
कटू आहे पण लिहितो. गेलाच, आणि कारण हवं असेल, तर शवविच्छेदन होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. गोठलं की पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली धड काही दिसत नाही.

मोगरा
🙏

टिल्लू
खोका केला ताई. कोथिंबीर दोन काड्या खाल्ली. टिमोथी गवत फार महाग पडतं हो, लसूणघास चालेल का?

चकलीताई
पिल्लाला चालेल. मोठ्याला रोज नको, कॅल्शियम जास्त, लघवीत गाळ साठतो. हरळी दे, फवारणी नसलेली.

राजापूरकर
गणपतीत मिळते ती जुडी नको, कुठल्या बांधावरची असते कोण जाणे. मोगराताई, गच्चीवर किती कुंड्या लागतात एका सशाला?

मोगरा
कुंड्यांनी काय होतंय, दोन दिवसांत फस्त! सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत लावा.