अनुभव धागा: सातारा-सांगलीकडचे कुत्र्यांचे दवाखाने

आमची चंपी वाचली, म्हणून हा धागा काढतेय. साडेतीन महिन्यांचं पिल्लू. सकाळी खाणं सोडलं, दुपारी उलट्या, रात्री रक्ताची पातळ शी. मी दहीभात भरवत बसले, त्यात दीड दिवस गेला. गोडोलीतल्या डॉक्टरांनी वासावरूनच पार्व्हो (पिल्लांच्या आतड्यांना होणारा विषाणूचा आजार) ओळखला, मग तपासून खात्री केली. ५ दिवस सलाईन. या विषाणूवर थेट औषध नाही. अंगातलं पाणी टिकवायचं, उलटी थांबवायची, वर दुसरा संसर्ग होऊ द्यायचा नाही. लसीचा पहिला डोस दिला होता, पुढचे माझ्याकडून राहिले. ६-८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी ते द्यावेच लागतात.

तुम्ही काय पाहिलंत, डॉक्टरांनी काय केलं, सविस्तर लिहा. रात्री दोन वाजता आजारी पिल्लू मांडीवर घेऊन बसलेल्या कुणाला तरी आधार होईल.

सांगलीवाडी
२०१९चा महापूर ओसरल्यावर घरी आलो तर गल्लीतला काळू गच्चीवर पडलेला, मानेच्या जखमेत अळ्या. डॉक्टर घरी आले. तोंडाला पट्टी बांधली, जखमेभोवतीचे केस कापले, टर्पेंटाईनचा बोळा धरला. अळ्या वर यायला लागल्या तशा चिमट्याने एकेक काढल्या. मी साठपर्यंत मोजल्या, पुढे मोजवेना. जखम शिवली नाही, घाण आत कोंडते म्हणाले. रोज धुऊन मलमपट्टी. महिन्याने तिथे केस उगवले. त्या दिवसांत ते डॉक्टर कधी झोपले असतील कोण जाणे.

मिरज
आमच्या बोळातल्या कुत्रीच्या लघवीच्या जागेतून रक्त यायचं. सगळे म्हणाले, माजावर आहे. महिना झाला तरी थांबेना. आत गाठ निघाली, कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा कर्करोग. ऐकून पोटात गोळा आला, पण हा बहुतेक वेळा बरा होतो. दर आठवड्याला शिरेतून व्हिन्क्रिस्टीन, हे कर्करोगाचं औषध. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं, त्यामुळे सुई लागेपर्यंत पाय घट्ट धरून ठेवायचा, मी श्वाससुद्धा रोखून धरायचे. पहिल्या गुरुवारी तिला पकडायला तास गेला. पाचव्या गुरुवारी रिक्षा थांबली आणि ती आपणहून चढून बसली. गाठ गेल्यावर नसबंदीही करून घेतली.

सातारा, सदर बझार
गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याला फळीवर झोपवून, खंबाटकीच्या बोगद्यातून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. मांडीच्या हाडात रॉड घातला. आता थोडा लंगडतो, पण पळतो.

तासगाव
आमचा शेरू वाचला नाही. गोचीड ताप. ताप उतरला की बरा झाला असं वाटायचं. नाकातून रक्त आलं तेव्हा नेला. प्लेटलेट्स फारच खाली गेल्या होत्या. डॉक्टर शेवटपर्यंत त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. दवाखाना बंद व्हायची वेळ केव्हाच उलटून गेली होती.

कराड (मी स्वतः पशुवैद्यक आहे)
वाचून गलबलले. दोनच विनंत्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नका, आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. आणि उपचार करताना चावा बसला तर जखम १५ मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. कुत्रं घरचं असलं तरीही. येताना शी-उलटीचा फोटो काढून आणा, आम्हाला फार मदत होते.