कुलूप आधी, किल्ली नंतर... मग हा सगळा नशिबाचाच खेळ का?

घोरपड:
हॉर्मोन आणि त्याचा रिसेप्टर (पेशीतलं प्रोटीन, ज्यात हॉर्मोन कुलपातल्या किल्लीसारखं बसतं), एकाशिवाय दुसरा बिनकामाचा, मग आधी आलं कोण? उत्क्रांती न मानणारी मंडळी हा प्रश्न हमखास काढतात. मला वाटतं याचं उत्तर मिळून बरीच वर्षं झाली. आपल्याकडे दोन सख्खे रिसेप्टर आहेत. एक कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या हॉर्मोनचा. दुसरा अल्डोस्टेरॉनचा, जो किडनीत मीठ-पाणी सांभाळतो. अमेरिकेतल्या जो थॉर्नटन यांच्या टीमने 2006 मध्ये या दोघांचा 45 कोटी वर्षांपूर्वीचा सामायिक पूर्वज लॅबमध्ये पुन्हा बनवला. आजच्या प्राण्यांच्या रिसेप्टरांवरून मागे जात जात त्याच्या अमिनो आम्लांची क्रमवारी काढली, ते जनुक पेशींत घातलं, सोबत काजव्याच्या एन्झाइमचं जनुक जोडलं, म्हणजे रिसेप्टर चालू झाला की पेशी चमकणार. अल्डोस्टेरॉन टाकलं, चमकल्या! आता गंमत अशी की त्या काळी अल्डोस्टेरॉन नव्हतंच, ते खूप नंतर चौपायांच्या वंशात आलं (फुप्फुसवाल्या माशांत पण सापडतं). कुलूप दुसऱ्याच जुन्या स्टेरॉइडसाठी होतं, नवी किल्ली त्यात आपसूक बसली.

पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे. हे सगळं निव्वळ नशिबावर झालं, परत सुरुवात केली तर असं होणार नाही.

चष्मेबद्दूर:
थांबा थांबा. 45 कोटी वर्षांपूर्वीचं प्रोटीन कोणी पाहिलंय? कॉम्प्युटरने काढलेला अंदाज आहे तो, आणि त्यावर तुम्ही थेट "नशीब" पर्यंत उडी मारली.

घोरपड:
अंदाज आहेच, पण हवेतला नाही. जिथे क्रमवारीबद्दल शंका होती तिथे त्यांनी दुसरे पर्याय घालून पण पाहिलं, वागणूक तीच आली.

पाणकावळा:
सजीवांमागे 'डिझाइन' आहे असं मांडणारे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचा मुद्दा पण बघा की. ते म्हणतात की अशा गुंतागुंतीच्या यंत्रणा एकेक पायरीने होऊच शकत नाहीत, मधल्या पायरीवर यंत्रणा बंदच पडेल. इथेही त्या पूर्वजाचा कॉर्टिसॉलचा रिसेप्टर व्हायला साखळीतल्या 106 आणि 111 नंबरच्या दोन जागा (अमिनो आम्लं) एकदम बदलायला लागल्या ना?

घोरपड:
एकदम नाही, तिथेच तर मजा आहे. 106 वर सेरीन जाऊन प्रोलीन आलं की प्रोटीनची एक वळी वाकते, अल्डोस्टेरॉन-कॉर्टिसॉल दोन्हीला प्रतिसाद कमी होतो, पण डीऑक्सीकॉर्टिकोस्टेरॉन या तिसऱ्या स्टेरॉइडला नाही होत. म्हणजे मधली पायरी जिवंत होती. मग 111 वर ल्यूसीनच्या जागी ग्लुटामिन आलं. वळी वाकल्यामुळे ते हॉर्मोनच्या जवळ सरकलेलंच होतं, त्याने कॉर्टिसॉलचा एक हायड्रॉक्सिल गट पकडला, जो अल्डोस्टेरॉनला त्या जागी नाहीच. बीहींनी थॉर्नटन यांच्या टीमचा 2009 चा पेपर पण स्वतःच्या बाजूने ओढला होता, थॉर्नटननी जाहीरपणे नाही म्हटलं.

चष्मेबद्दूर:
2009 मध्ये काय होतं तेवढं सांगा, अर्धवट सोडू नका.

घोरपड:
त्यांनी उलटं जायचा प्रयत्न केला. नव्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरमध्ये त्या जागा परत जुन्यासारख्या केल्या तर प्रोटीन मेलंच. मधल्या काळात आणखी पाच बदल झाले होते, ते जुन्या रचनेला जागाच देत नव्हते. आधी ते पाच उलटवायला हवेत, पण त्यांना उलटवण्यात फायदा काहीच नाही, मग निवड होणार कशी. परतीचा रस्ता बंद. आणि पुढे जायला जे पूरक बदल आधी होऊन बसलेले लागतात, त्यांना 2014 मध्ये हजारो प्रकारांत पर्याय शोधले तर फारच दुर्मिळ निघाले. म्हणून म्हणतो, नशीब.

डॉ_काढा:
डॉक्टर म्हणून मध्ये बोलते. घोरपड, तुमचं बरोबर धरलं तरी ते एका रिसेप्टरचं झालं. अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर बघा, त्याला कॉर्टिसॉल आजही तेवढंच चिकटतं आणि रक्तात कॉर्टिसॉल शेकडो पट जास्त असतं, म्हणजे किडनीत गोंधळच व्हायला हवा. होत नाही, कारण तिथे एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं आणि ते या रिसेप्टरला नीट बसत नाही. कुलूप सुधारलंच नाही, दारावर राखणदार बसवला! एक वाट बंद असली तरी काम दुसऱ्या वाटेने झालंच ना. मग नशिबाचं एवढं कौतुक कशाला?

पाणकावळा:
हे आवडलं. म्हणजे डिझाइन असतं तर असं ठिगळ लागलंच नसतं, हे माझ्या तोंडून निघायला नको होतं, पण निघालं :)

घोरपड:
डॉक्टर, काम झालं हे मान्य. पण कसं झालं ते बघा ना, ज्येष्ठमध सतत खाल्लं की तो राखणदार झोपतो, कॉर्टिसॉल आत घुसतं, बीपी वर, पोटॅशियम खाली. दुसरी वाट मिळाली, पण अशी तकलादू.

डॉ_काढा:
तकलादू? कोट्यवधी वर्षं चाललीये. त्यात ज्येष्ठमध घालणारे आपण.

चष्मेबद्दूर:
माझी आई खोकल्याला ज्येष्ठमधाची काडी चघळते आणि तिला बीपी आहे, बंद करू का?

डॉ_काढा:
रोज चघळत असतील तर आजपासून थांबवा, पुढच्या वेळी रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. आणि तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, ही गोष्ट कोणी आपणहून विचारत नाही.