रेघ डोळ्यांना दिसत असतानाही लोक चुकीचं उत्तर का देतात?

रानजाई
टीवायबीएच्या वर्गात समूहाचा दबाव शिकवताना मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशचा रेघांचा प्रयोग येतो: तीन रेघांपैकी कोणती दाखवलेल्या रेघेएवढी, हे गटात एकेकाने मोठ्याने सांगायचं, आणि एकजण सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्याला सामील. मुलं तो 'माणसं मेंढरांसारखी असतात' एवढ्यावर संपवतात. दोन प्रश्न आहेत. रेघेची लांबी समोर दिसत असताना माणूस नेमका कशामुळे झुकतो? आणि वर्गात याचं प्रात्यक्षिक करायचं तर काय काळजी घ्यावी?

त्रिज्या
आधी आकडे नीट पाहू, कारण मेंढरांची गोष्ट तिथेच डळमळते. एकूण १८ फेऱ्या होत्या. त्यांपैकी १२ फेऱ्यांत अ‍ॅशचे साथीदार ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देत. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळे बरोबर बोलत, म्हणजे खऱ्या प्रयुक्ताला (ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला) शंका यायला जागा उरत नसे. त्याचा नंबर जवळजवळ शेवटी येई.

त्या १२ फेऱ्यांत चुकीची उत्तरं ३६.८ टक्के आली. एकट्याने उत्तर देणाऱ्यांत हेच प्रमाण १ टक्क्याहून कमी होतं. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा झुकले हे खरं, पण 'तीन चतुर्थांश लोक झुकतात' असं सांगितलं की 'निदान एकदा' गळून पडतं. सुमारे चतुर्थांश लोक एकदाही हलले नाहीत, आणि एकूण उत्तरांतली बहुसंख्य बरोबरच होती.

आता संख्येचा परिणाम. समोर एकच साथीदार असला तर चुका ३.६ टक्के, दोन असले तर १३.६, तीन असले तर ३१.८. त्यापुढे माणसं वाढवूनही फारसा फरक पडला नाही. खरं वजन एकमुखीपणाचं आहे. एखादा जोडीदार बरोबर बोलला की चुका एक चतुर्थांशावर येत. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची मांडणी: इथे एक साथीदार गटाहून वेगळं बोलायचा, पण गटापेक्षाही जास्त चुकीची रेघ निवडायचा, तरी प्रयुक्ताच्या चुका ९ टक्क्यांवर उतरल्या. त्याच्याकडून बरोबर उत्तर कळलंच नव्हतं. गटाविरुद्ध बोलता येतं एवढंच दिसलं होतं. उलट, सहा फेऱ्या साथ देणारा जोडीदार मधेच गटाला जाऊन मिळाला तेव्हा चुका एकदम २८.५ टक्क्यांवर गेल्या.

पाटीपेन्सिल
त्रिज्या यांच्या आकड्यांत 'का'चं उत्तर जोडतो. १९५५मध्ये डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी दोन कारणं वेगळी केली. एक, चारचौघांत वेगळं पडायची, हसं व्हायची भीती. दोन, 'इतक्या जणांना कळतंय, आपलंच काहीतरी चुकत असेल' हा विश्वास. अ‍ॅशच्या प्रयोगात पहिलं कारण जोरात आहे, कारण उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिल्यावर चुका साडेबारा टक्क्यांच्या आसपास आल्या.

दुसरं कारण पाहायचं तर मुझफर शेरीफचा १९३५चा प्रयोग घ्या. अंधाऱ्या खोलीत स्थिर प्रकाशबिंदू हलल्यासारखा वाटतो. तो किती इंच हलला, याचे प्रत्येकाचे अंदाज वेगळे. गटात बसवलं की ते एकमेकांच्या जवळ सरकतात, आणि नंतर एकट्याला विचारलं तरी माणूस गटाच्याच आकड्याला धरून राहतो. तिथे वेगळं पडायची भीती हे कारण पुरत नाही.

काम महत्त्वाचं असेल तर? बॅरन, व्हँडेलो आणि ब्रन्समन यांनी १९९६मध्ये एकाचं चित्र दाखवून मग अनेकांतून तोच संशयित ओळखायला सांगितला; इथेही साथीदार चुकीचं उत्तर देत. ओळखणं सोपं असताना महत्त्व वाढवलं की झुकणं ३३वरून १६ टक्क्यांवर आलं. चित्र जेमतेम अर्धा सेकंद दाखवलं तेव्हा मात्र ते ३५वरून ५१ टक्क्यांवर गेलं. साक्षीदारांना एकमेकांसमोर जबाब का द्यायला लावू नये, याचं उत्तर यात आहे.

कंदील
प्रात्यक्षिकाबद्दल. मानसशास्त्राची मुलं प्रयुक्त म्हणून घेऊ नका, त्यांना प्रयोग माहीत असतो. साथीदारांचा अभिनय हेच नेहमी फसण्याचं ठिकाण: कोणीतरी हसतं, कोणी बोलून झाल्यावर प्रयुक्ताकडे बघतं. तालीम घ्या, नजर कार्डावरच ठेवायला सांगा, उत्तरात फक्त क्रमांक. संमती आधी घ्या आणि प्रयोग संपताच, तो मुलगा खोलीबाहेर जायच्या आत, सगळं उघड करा. वर्गासमोर 'हा झुकला' असं दाखवणं तर पूर्ण टाळा.

खरं तर फसवणूक नसलेला पर्याय बरा. जेनेसने १९३२मध्ये बाटलीतल्या घेवड्याच्या दाण्यांवर तो केला होता. काचेच्या बरणीत मोजलेले हरभरे भरा. प्रत्येकाने न बोलता अंदाज लिहायचा आणि चिठ्ठी लगेच जमा करायची, नाहीतर मुलं मागाहून आकडा खोडतात. मग पाच-पाचच्या गटात चर्चा करून गटाचा एक आकडा ठरवायचा, आणि शेवटी पुन्हा एकेकट्याने नवी चिठ्ठी. दोन्ही वेळच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंदाजांतलं अंतर फळ्यावर मांडा. एक गट चर्चेविना ठेवा. त्याला मधल्या वेळात दुसरं काम द्या आणि पुन्हा अंदाज लिहायला लावा. तो नसेल तर बदल चर्चेमुळे झाला की नुसत्या दुसऱ्यांदा पाहण्यामुळे, हे सांगता येणार नाही.