साखर सायनोबॅक्टेरियाच्या जनुकांना हुकूम देते की केवळ इंधन पुरवते?

धागाकर्ता : सिनेकोसिस्टिस ६८०३ या सायनोबॅक्टेरियाचा (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूचा) संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, जपानमधील काझुसा संस्थेने १९९६ साली वाचला. त्यानंतर ग्लुकोज दिल्यावर कोणती जनुके जागी होतात आणि कोणती मंदावतात, याचे तक्ते करण्याचा सपाटाच लागला. या तक्त्यांना अवास्तव वजन दिले जाते, असे माझे मत आहे. या जीवाणूत प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन पेशीतील एकाच थायलॅकॉइड पटलावर चालतात व प्लास्टोक्विनोन या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूचा साठा दोघांत सामाईक असतो. त्यामुळे साखरेतून सुटलेले इलेक्ट्रॉन त्या साठ्यात शिरले की ऊर्जेचा हिशेब जनुकांपर्यंत खबर पोहोचण्याआधीच बदलतो.

प्रतिसाद १ : असहमत. हाच जीवाणू पूर्ण अंधारात ठेवला तर भोवती ग्लुकोज असूनही वाढत नाही. मात्र दिवसातून अवघी पाच मिनिटे प्रकाश दाखवला की वाढतो, हे १९९१ मध्येच दिसून आले. पाच मिनिटांच्या प्रकाशसंश्लेषणावर दिवसभराची गुजराण होत नाही. म्हणजे प्रश्न इंधनाचा नसून परवानगीचा आहे. सिगई हा सिग्मा घटक (ठरावीक जनुकांचे वाचन सुरू करून देणारे प्रथिन) काढून टाकल्यास साखर मोडणाऱ्या अनेक जनुकांचे आरएनए (जनुकाची कामचलाऊ नक्कल) घटते, हेही विसरू नये.

धागाकर्ता : पाच मिनिटांचा दाखला उत्तम आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. ती परवानगी प्रकाशाची आहे, साखरेची नव्हे.

प्रतिसाद २ : धागाकर्त्याच्या बाजूने एक भर घालतो. सिनेकोकॉकस ७९४२ हा दुसरा सायनोबॅक्टेरिया केवळ प्रकाशावर जगतो, असे मानले जाई. त्यात ई. कोलाय या जीवाणूतील गॅलपी हे साखर आत घेणारे प्रथिन बसवल्यावर तो दिवस-रात्रीच्या चक्रात ग्लुकोजचाही उपयोग करू लागला. साखर मोडणारी विकरे त्याच्याकडे आधीपासूनच होती, अडले होते ते दारापाशी.

प्रतिसाद १ : मग पीएमजीए या जनुकाचे काय करायचे? सिनेकोसिस्टिसमध्ये ते बिघडवले, तर केवळ प्रकाशावर वाढ उलट सुधारते, पण प्रकाश आणि ग्लुकोज एकत्र दिले की जीवाणू तग धरत नाही. साखर आत घेणारे प्रथिन तेच, विकरे तीच. तरीही सामाईक साठ्यावर साखरेचा भार पडताच तोल सांभाळणारे कोणीतरी लागते. ते काम साखर स्वतः करत नाही.

धागाकर्ता : हा मुद्दा मान्य, मात्र तोल सांभाळणारे प्रथिन आधीच हजर असणे वेगळे आणि साखरेने नवे आरएनए घडवणे वेगळे. रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाने नवे आरएनए बनणे थांबवून मग ग्लुकोज द्यावे आणि पहिल्या काही मिनिटांतील श्वसन मोजावे. ते वाढले नाही, तर मी माझे म्हणणे मागे घेईन.