झाडावरून पडून पाठ मोडलेल्यांची आधी नोंद की आधी पुनर्वसन?

कातळवाट (राजापूर)
गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीतला एक गडी हापूस काढताना फांदी मोडून खाली आला. चौघांनी हातपाय धरून पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, रस्त्यापर्यंत नेला आणि रिक्षात बसवला. कोल्हापूर गाठेपर्यंत रात्र झाली. आज कमरेखाली त्याला काहीच कळत नाही.

माझा प्रश्न असा, की हा माणूस कोणत्या आकड्यात धरला गेला? राजापूर-लांज्याचा रुग्ण कोल्हापूरला जातो, खेड-चिपळूणचा मुंबईला, सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा गोव्यात बांबोळीला. तिथल्या केसपेपरात तो तिथलाच होऊन जातो. क्षयरोगाची नोंद 2012 पासून सक्तीची झाली, मज्जारज्जूच्या दुखापतीची अजून नाही. जगात दीड कोटीहून जास्त लोक ही दुखापत घेऊन जगतात आणि पडणं व रस्त्यावरचे अपघात ही मोठी कारणं आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे माडावरून किती पडतात, आंब्यावरून किती, पोफळीवरून किती, कोणत्या महिन्यात? खाली उभं राहून आंबे काढायचा दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला घरोघरी आहे, तरी जुन्या उंच कलमांवर माणूस चढतोच. उपाय कुठे कमी पडतोय ते मोजल्याशिवाय कळायचं नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. त्यांनी आधी दोन्ही जिल्ह्यांची नोंदवही सुरू करावी. पुनर्वसन केंद्र मागायचं ते त्यानंतर.

माडाखालची (मालवण)
दादा, मला हे पटत नाही. माझा भाऊ पाडेली, माडावर चढून नारळ काढणारा. सहा वर्षं झाली तो पडला त्याला. आमच्याकडे तीन वेळा माणसं येऊन फॉर्म भरून गेली. माड किती उंच होता हे तिघांनीही विचारलं. हा लघवी कशी करतो, हे एकानेही विचारलं नाही.

हॉस्पिटलातून घरी पाठवलं ते नळी आणि पिशवी लावून. तिसऱ्या महिन्यात माकडहाडावर जखम झाली, बोट आत जाईल एवढी. दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे मला त्या जखमेनंतर ड्रेसिंगवाल्याकडून कळलं. लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी 1944 मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला अशा रुग्णांचा विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस कूस बदलून माणसं जगवली. ऐंशी वर्षांपूर्वीची माहिती मालवणात आमच्या घरापर्यंत आली नाही. त्यात नवीन काय शोधायचंय? भाऊ तेव्हा रोज विचारायचा, "माका बसाक तरी जमतला काय गो?" याचं उत्तर देणारा एकही माणूस तालुक्यात मिळाला नाही.

निवृत्त सिस्टर (कणकवली)
ताई म्हणतात ते मी वॉर्डात असताना पाहिलंय. अशा रुग्णांना अकाली मरणाचा धोका इतरांपेक्षा दोन ते पाच पट असतो. पाठीचा कणा मोडला म्हणून ते नंतर दगावत नाहीत. जखम चिघळते, लघवीत जंतू होतात, मूत्रपिंडं जातात. कायमची नळी काढून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हाताने नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवलं, तर यातलं बरंच टळतं. हात चालणारा माणूस ते स्वतः शिकतो.

पण ताई, "नवीन काय शोधायचंय" हे मला मान्य नाही. संडास परसात, पावसाळ्यात अंगण निसरडं, पाणी भरून आणायचं. अशा घरात दिवसातून पाच वेळा नळी घालणं कसं जमवायचं हे कोणी तपासलंय? मिळालेली व्हीलचेअर पाखाडीवर एक पायरी उतरत नाही. खडकीला 1974 पासून सैनिकांसाठी केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला 1955 पासून सरकारी संस्था आहे. तिथे सपाट फरशीवर शिकलेलं जांभ्याच्या पायऱ्यांवर उपयोगी पडत नाही. संशोधन हवंच, पण ते घरात जाऊन.

कलमबाग (देवगड)
मी बागायतदार. नोंदवही आली की सगळं खापर आमच्यावर फुटेल, ही भीती आहे आणि ती लपवत नाही. माझ्या मते पैसा पहिल्या तासावर घाला. पडलेल्याला उचलून बसवू नये, मान-पाठ एका रेषेत ठेवून फळीवर सरकवावं, 108 ला फोन करावा, एवढं प्रत्येक वाडीत दहा जणांना शिकवा. कातळवाट, तुमचा गडी रिक्षात बसवला तिथेच आणखी इजा झालेली असू शकते.

भरपाईचंही बघा. शेतकरी अपघात योजनेत दोन लाखांपर्यंत मिळतात, पण खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. दुसऱ्याच्या झाडावर चढणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं.

कातळवाट
रिक्षात बसवणाऱ्यांत मी होतो. मला माहीत नव्हतं.

पण कलमबाग, तुमचा शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. सातबारा नसलेले किती पडले हे दाखवता आलं, तरच योजनेची अट बदला म्हणता येईल. मंत्रालयात ताईंच्या भावाची हकिगत कोणी ऐकणार नाही, तालुकावार आकडा ऐकतील. ताईंच्या बोलण्यावरून एवढं मात्र बदलतो: नोंद पडल्याच्या दिवशी संपू नये. तीन महिन्यांनी आणि वर्षाने घरी जाऊन जखम, लघवी, बसणं, कमाई, हे विचारावं. नोंद आधी, यावर मी अजून ठाम आहे.

माडाखालची
तीन महिन्यांनी येणारा माणूस फक्त कागद घेऊन येणार असेल, तर तोपर्यंत जखम झालेली असेल. त्याने पहिल्या आठवड्यात यावं, नळ्या घेऊन यावं, माझ्यासारखीला कूस बदलून दाखवावी आणि मग लिहावं काय लिहायचं ते. चौथा फॉर्म मी त्याच अटीवर भरणार.

सिस्टर, भाऊ आता पडवीत दोन तास बसून माडाच्या पातींचे हीर (काड्या) काढतो, केरसुण्या बांधतो. दर पंधरा मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलतो. अजून कायमचीच नळी आहे. सहा वर्षांनीसुद्धा ती सोडवता येते का? येत असेल तर कोणाकडे न्यायचं ते सांगा.

निवृत्त सिस्टर
पुष्कळदा येते. आधी मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करून घ्या, मग यूरॉलॉजिस्टना दाखवा. त्यांनी हो म्हटलं की मला व्यनि (खाजगी निरोप) करा. रविवारी मालवणला येते.